उघडी किती, बंद किती: एलसीडी पडद्याची स्लिट करून पाहिली त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गट तिघांचा. नावं आणि ठिकाण मुद्दाम वगळलं आहे. एकाचा हात इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रजुळणीत बसलेला. त्याला इथे यंत्रकार म्हणतो. दुसरी निरीक्षक, बरीच वर्षं नेमानं बीई ताऱ्यांचे वर्णपट घेणारी. तिसरा मी, आलेल्या चित्रांमधून वर्णपट काढून मोजमाप करणारा. बीई तारे म्हणजे भराभर फिरणारे उष्ण तारे. त्यांच्या विषुववृत्ताभोवती वायूची तबकडी असते आणि तिच्यामुळे हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा काळी दिसण्याऐवजी चमकती दिसते. ती रेषा महिन्यागणिक बदलते. तो बदल टिपत राहायचा, हे आमचं काम.

दुर्बीण २५० मिमी व्यासाची, नाभीय अंतर २५०० मिमी. त्यामुळे नाभीवर १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे साधारण १२ मायक्रॉन. वर्णपटमापक घरी बनवलेला: १२५ मिमीचा कॉलिमेटर (किरण समांतर करणारी लेन्स), तेवढ्याच नाभीय अंतराची कॅमेरा-लेन्स आणि प्रकाश रंगांत फाकवणारं, दर मिमीला १२०० रेघांचं ग्रेटिंग. कॅमेऱ्यावर १ मिमीत सुमारे ६.६ नॅनोमीटर पसरतात. स्लिट, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश आत घेणारी बारीक फट, २० मायक्रॉनची, पक्की बसवलेली. तिच्या चकचकीत धातूच्या पात्यांवरून परावर्तित झालेलं ताऱ्यांचं चित्र गाइडिंगच्या, म्हणजे तारा स्लिटवर धरून ठेवायच्या, छोट्या कॅमेऱ्यात जायचं.

अडचण

हवा स्थिर असलेल्या रात्री तारा २ विकलांचा दिसतो, वाईट रात्री ५ विकलांचा. म्हणजे ताऱ्याचा ठिपका कधी २४ मायक्रॉन, तर कधी ६०. स्लिट मात्र कायम २०. वाईट रात्री निम्म्याहून कितीतरी जास्त प्रकाश पात्यांवर सांडायचा. स्लिट रुंद केली तर प्रकाश वाढतो, पण रेषा जाड होतात. २८ मायक्रॉनला आमची पृथक्करण क्षमता (जवळच्या दोन तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची ताकद) ३५०० च्या आसपास येते, ४२ मायक्रॉनला ती २४०० वर उतरते. दोन्ही आकडे आम्हाला चालणारे होते. फक्त रात्र पाहून रुंदी निवडता यायला हवी होती.

पक्की स्लिट बदलायची तर पेटी उघडा, पातं काढा, दुसरं बसवा, फोकस जमवा, निऑनच्या दिव्याच्या ठाऊक रेषांवरून तरंगलांबी पुन्हा बांधा. अर्धा तास जातो, आणि तोही रात्रीच्या मध्यावर, गारठलेल्या बोटांनी. त्यामुळे ते कुणी करत नसे. जी स्लिट असेल तीवर रात्र निभावली जायची.

समोरचे पर्याय

मायक्रोमीटरनं उघडझाप होणारी दोन पाती हा जुना, खात्रीचा मार्ग. पण दोन्ही पाती सारखी सरकली पाहिजेत. एकच सरकलं तर स्लिटचा मध्य हलतो आणि त्याबरोबर तरंगलांबीही. शिवाय पाती काही मायक्रॉनपर्यंत समांतर राहायला हवीत. यंत्रकार म्हणाला, ‘माझ्या लेथवर हे होणार नाही, उगाच शब्द देत नाही.’

दुसरा मार्ग, काचेवर क्रोमचा थर देऊन त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या फटी कोरलेली तयार पट्टी. पट्टी सरकवायची आणि हवी ती फट समोर आणायची. साधा, कंटाळवाणा उपाय. त्यावर आम्ही पाच मिनिटंही बोललो नाही. हे पुढे आठवणार होतं.

तिसरा मार्ग सूक्ष्म आरशांच्या चिपचा. प्रोजेक्टरमधल्या या चिपवर १३.७ मायक्रॉन अंतरानं आरसे असतात आणि प्रत्येक आरसा अधिक किंवा उणे १२ अंश कलतो. व्यावसायिक खगोलशास्त्रात हा मार्ग वापरात आहे. चिलीतल्या ४.१ मीटरच्या सोअर दुर्बिणीसाठीचा सामोस हा वर्णपटमापक असाच आहे: एका बाजूला कललेले आरसे प्रकाश वर्णपटाकडे पाठवतात, उरलेले सगळे चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याकडे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निअरस्पेक या वर्णपट घेणाऱ्या उपकरणात तर आरसेही नाहीत, खऱ्याखुऱ्या सूक्ष्म झडपा आहेत: चार तुकडे, प्रत्येकात ३६५ गुणिले १७१, म्हणजे जवळपास अडीच लाख. तिथे इतका खटाटोप का केला असेल, हा प्रश्न तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता. आम्ही आरशांची चिप सोडली ती वेगळ्या कारणानं. आरसे कर्णरेषेवर कलतात, त्यामुळे परावर्तित प्रकाशासाठी नाभीचं प्रतलच तिरकं होतं आणि पेटीची सगळी मांडणी बदलावी लागते.

चौथा मार्ग एलसीडी पडद्याचा. हलणारा भाग एकही नाही. संगणकावर काळ्या चित्रात एक पांढरी रेघ काढायची, झाली स्लिट. रुंदी, उंची, जागा, सगळं माऊसवर. खरं सांगायचं तर निर्णय इथेच झाला. बाकीची चर्चा त्याला कारणं जोडण्यासाठी होती.

कोणता पडदा, हा प्रश्न त्यातल्या त्यात नीट सुटला. फोनचा रंगीत पडदा बाद, कारण एका पिक्सेलला ५० ते ८० मायक्रॉन लागतात आणि वर रंगांच्या गाळण्या. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरमधले एकरंगी पडदे बरे, पण तेव्हा सहज मिळणारे ५० मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ ४ विकलांचा. शेवटी जुन्या थ्री-एलसीडी प्रोजेक्टरमधलं (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाला वेगळं पॅनल असलेल्या) ०.७ इंची पॅनल घेतलं. १०२४ गुणिले ७६८ पिक्सेल, दोन पिक्सेलांतलं अंतर १४ मायक्रॉन. आमच्या दुर्बिणीवर एक पिक्सेल म्हणजे १.१५ विकला. रंगाची गाळणी पॅनलवर नाही, आणि पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा (ध्रुवीकृत) प्रकाश सोडणाऱ्या गाळण्या, वेगळ्या काचेवर असल्यानं ते बदलता येतात. हिरव्या प्रकाशाच्या वाटेवरचं पॅनल निवडलं.

पहिला निर्णयबिंदू: प्रकाशाचा हिशेब

या पॅनलमध्ये द्रव स्फटिकाचा थर दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये असतो. विजेचा दाब नसताना रेणूंची मांडणी पिळदार असते. ती प्रकाशाचं ध्रुवीकरण ९० अंशांनी वळवते आणि प्रकाश पार होतो. दाब दिला की पीळ सुटतो आणि दुसरा पोलरायझर प्रकाश अडवतो.

आम्ही कागदावर मांडलं: १०० फोटॉन आले, तर पहिल्या पोलरायझरनंतर ४३ च्या आसपास उरतात. पिक्सेलांमध्ये विजेच्या तारा आणि ट्रान्झिस्टर झाकणारी काळी जाळी असते, उघडी जागा निम्म्याहून थोडी जास्त. उरले २४. दुसऱ्या पोलरायझरनंतर २०. म्हणजे पाचवा हिस्सा, पावणेदोन प्रतींचं नुकसान (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधूक). २५० मिमीच्या दुर्बिणीची ११२ मिमीची दुर्बीण झाली.

निरीक्षक चपापली. पण तिच्या यादीतले बहुतेक तारे तिसऱ्या ते सहाव्या प्रतीचे. पाचपट वेळ देऊ, असं ठरलं. हिशेब बरोबर होता. फक्त तो अर्धाच होता: उघड्या जागेतून किती प्रकाश जातो एवढंच आम्ही मोजलं. बंद जागेतून किती जातो, हा आकडा त्या कागदावर नव्हताच.

काय केलं

प्रोजेक्टरचा मुख्य बोर्ड पॅनलसकट बाहेर काढला. दिवा आणि पंखे नाहीत म्हणून तो सुरूच होईना. त्या जोडण्यांवर सगळं ठीक असल्याचा खोटा संकेत देण्यात यंत्रकाराचे दोन शनिवार गेले. पॅनलच्या पुढच्या-मागच्या काचा मिळून जाडी ३ मिमीच्या घरात, त्यामुळे नाभी मिलिमीटरभर मागे सरकली. ते पेटीत जागा करून भागवलं. पोलरायझरची जोडी दोन तऱ्हांनी लावता येते, आधी उभा मग आडवा किंवा उलट. ग्रेटिंगची कार्यक्षमता ध्रुवीकरणावर अवलंबून असते, म्हणून दोन्ही तऱ्हा निऑनवर तपासून जी उजळ ती ठेवली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चुकीच्या भीतीत. १४ मायक्रॉनची चौकटीची जाळी म्हणजे स्वतःच एक ग्रेटिंग, ते भुताटकी प्रतिमा उभ्या करणार, अशी मला खात्री होती. तीन आठवडे मी त्याचीच गणितं करत होतो. जाळी ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सव्वादोन अंशांनी फाकवते हे खरं. पण स्लिट नाभीच्या प्रतलात असते आणि कॅमेरा त्याच प्रतलाची प्रतिमा घेतो. कुठल्याही कोनात गेलेला किरण कॉलिमेटरनं पकडला, तर तो शेवटी स्लिटच्या त्याच बिंदूच्या प्रतिमेवर येऊन पडतो. फाकलेला प्रकाश कॉलिमेटरवर ५ मिमी बाजूला सरकतो एवढंच. मूळ झोत १२.५ मिमीचा, लेन्स २५ मिमीची, त्यात तो मावत होता. लेन्सच्या कडा वापरल्या गेल्यानं रेषा किंचित मऊ झाल्या. भूत काही दिसलं नाही.

पहिल्या रात्रीचे तेजस्वी तारे झकास आले. तारा शोधताना २० पिक्सेल रुंद खिडकी उघडायची, तारा त्यात आला की खिडकी दोन पिक्सेलांवर आणायची. निरीक्षक हसून म्हणाली, ‘आता ताऱ्याला स्लिटकडे न्यायचं नाही, स्लिटच ताऱ्याकडे येते.’

दुसरा निर्णयबिंदू: सरकणारी स्लिट

काच म्हणजे आरसा नव्हे, त्यामुळे पात्यांवरून होणारं गाइडिंग गेलं. शेजारी छोटी दुर्बीण बांधून गाइडिंग सुरू केलं, तर दोन दुर्बिणींच्या जोडणीतल्या लवचिकतेमुळे वीसेक मिनिटांत तारा स्लिटवरून घसरू लागला. यंत्रकाराची सूचना अशी की तारा घसरतो त्या बाजूला स्लिटच एक-एक पिक्सेल सरकवत राहू.

कल्पना देखणी आहे. पण एक पिक्सेल म्हणजे १४ मायक्रॉन, वर्णपटावर ०.०९ नॅनोमीटर, आणि हायड्रोजनच्या त्या लाल रेषेजवळ सेकंदाला ४२ किलोमीटर वेगाइतका फरक. ताऱ्याभोवतीची तबकडी किती वेगानं फिरते हे ज्या रेषेवरून वाचायचं, तीच आपण हलवणार. मी अडून बसलो. शेवटी तडजोड झाली: स्लिट हलवायची ती दोन छायाचित्रांच्या मध्ये, आणि हलवल्यावर निऑनचं चित्र पुन्हा घ्यायचं. यात वेळ जातो, पण आकडे खोटे होत नाहीत. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

याच चित्रांत एक गंमत सापडली. फोकस फार चांगला जमला की तीन पिक्सेलांच्या स्लिटमधून निऑनची रेषा एक न दिसता तीन दात असलेल्या फणीसारखी दिसायची. पिक्सेलांमधली काळी जाळी! ४२ मायक्रॉनची म्हणून जिला आम्ही मोजत होतो ती खरं तर तीन बारीक स्लिटांची जुडी होती. फोकस जरासा मऊ ठेवला की दात नाहीसे.

नसलेली रेषा

दुसऱ्या महिन्यात यादीतला एक अंधूक तारा घेतला आणि ग्रेटिंग फिरवून निळ्या-हिरव्या भागाकडे नेलं. वर्णपटात ४९९ नॅनोमीटरजवळ एक रुंद खड्डा दिसला. त्या जागी अशा ताऱ्यात रुंद शोषण रेषा असायचं कारण नाही. निरीक्षकेनं दुसऱ्या रात्री पुन्हा घेतला, खड्डा तिथेच. आम्ही दोघं उत्साहात, यंत्रकार संशयात. त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्या रात्री वर्णपटमापक दुर्बिणीवर थोडा फिरवून बसवला. तारा तोच, वेळ तेवढीच. खड्डा गायब.

उलगडा मग पटकन झाला. लक्ष्य ताऱ्यापासून १६५ विकलांवर, म्हणजे पडद्यावर २ मिमी बाजूला, त्याच आडव्या ओळीत एक उष्ण तारा होता, चारेक प्रतींनी जास्त तेजस्वी. त्याची हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची रेषा रुंद आणि खोल. २ मिमी म्हणजे १३ नॅनोमीटर. ४८६ अधिक १३.

तो तारा ‘बंद’ पडद्यातून आत येत होता.

मग हवी होती ती चाचणी झाली. पूर्ण पडदा काळा केला आणि एकेक दिवा लावला. पाऱ्याच्या ५४६.१ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेत उघड्या आणि बंद पडद्याचं गुणोत्तर ४०० च्या आसपास. निळ्या ४३५.८ ला ते त्याच्या निम्मं. निऑनच्या ६४०.२ ला ठीक, ७२४.५ ला गळती स्पष्ट, आर्गॉनच्या ७६३.५ ला भरपूर, आणि ८११.५ ला तर पडदा उघडा आहे की बंद हेच सांगता येईना. आयोडीन वापरून केलेले पोलरायझर दृश्य प्रकाशापलीकडे कामच करत नाहीत. आमच्या कॅमेऱ्याचं सिलिकॉन मात्र तिथेही पाहतं.

४०० हा आकडा सिनेमा पाहायला पुरतो. इथे मांडून बघा: स्लिट २८ मायक्रॉन, पडदा १४ मिमी रुंद, म्हणजे स्लिटच्या दोन्ही बाजूंना मिळून स्लिटच्या ५०० पट बंद जागा. प्रत्येक जागा आकाशाचा चारशेवा भाग आत सोडते आणि प्रत्येकाचा वर्णपट थोडा थोडा सरकून एकमेकांवर पडतो. बेरीज सव्वापट. स्लिटमधून येणाऱ्या आकाशापेक्षा बंद पडद्यातून येणारं आकाश जास्त! १८१४ पासून जर्मन प्रकाशशास्त्रज्ञ फ्राउनहोफरनं सूर्याच्या वर्णपटातल्या ५०० हून अधिक काळ्या रेषा नोंदल्या, त्या प्रिझम चांगला होता म्हणून दिसल्याच, पण फटीभोवतीचं सगळं खरोखर बंद होतं म्हणूनही. धातूच्या पात्याला हे गुणोत्तर कधी कुणी विचारत नाही.

निरीक्षकेचं आणखी एक कोडंही सुटलं. चांदण्या रात्री यंत्र फिरवलं की आकाशाचा उजेड कमीजास्त व्हायचा. चंद्रापासून ९० अंशांवरचं आकाश बरंच ध्रुवीकृत असतं, आणि आम्ही त्यापुढे पोलरायझर धरून बसलो होतो.

तिसरा निर्णयबिंदू: सुधारायचं की सोडायचं

दोन उपाय लगेच केले. कॅमेऱ्यापुढे अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी, आणि पडद्याच्या काचेला लागून ०.५ मिमीची धातूची ढोबळ फट. ती द्रव स्फटिकाच्या थरापासून मिलिमीटरभर दूर असल्यानं तिच्या कडा धूसर पडतात, पण ढोबळ फटीला ते चालतं. बंद जागा स्लिटच्या ५०० पटींवरून १७ पटींवर आली आणि आकाशाची गळती ४ टक्क्यांवर. शेजारचा तारा धातूमागे गेला.

यंत्रकाराला इथे थांबायचं होतं. पण ४१ विकलांच्या त्या फटीत तारा आणण्यासाठी दुर्बीणच नेमकी वळवावी लागत होती, म्हणजे स्लिटनं ताऱ्याकडे जाण्याची सोय उरली नव्हती. प्रकाशाचा पाचवा हिस्सा मात्र तेवढाच राहिला. त्यात एका रात्री बोर्डाची केबल सैल झाली. या पॅनलला दाब मिळाला नाही की ते काळं होत नाही, पारदर्शक होतं. वीज गेली की स्लिट मिटत नाही, सगळी खिडकीच उघडते. ४० मिनिटांचं छायाचित्र पांढरंफटक.

निरीक्षकेनं दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, ‘याच्यात आता बदलता येतं ते नेमकं काय उरलंय?’ उत्तर होतं, रुंदी. आणि ती क्रोमच्या पट्टीतही बदलता येत होती.

काय निष्पन्न झालं

ताऱ्यांसाठी पॅनल काढलं. क्रोमची पट्टी बसवली. तिचा पृष्ठभाग चकचकीत असल्यानं पात्यांवरचं जुनं गाइडिंगही परत आलं. रुंदी बदलायला मिनिटभर लागतं. ढोबळ फट बसवण्याआधीच्या दोन महिन्यांतले अंधूक ताऱ्यांचे वर्णपट मी बाद केले. तेजस्वी बीई ताऱ्यांचे ठेवले, त्यांच्या नोंदीत ‘एलसीडी स्लिट’ असा शेरा मारून.

पॅनल फेकलं नाही. गुरूवर ते फार छान चालतं. गुरूचं बिंब ४५ विकलांचं असताना आमच्या नाभीवर जेमतेम अर्धा मिमी, तेजस्वी, आणि भोवती काळोख. गळती झाली तरी ती गुरूचीच. स्लिट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकेक पिक्सेल सरकवत नेली की दुर्बीण न हलवता चाळीसएक वर्णपट मिळतात, आणि वर्णपटातला मिथेनचा ६१९ नॅनोमीटरचा पट्टा गुरूवरच्या पट्ट्यापट्ट्यांतून कसा बदलतो ते दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रोमच्या पट्टीला द्यायला हवी होती ती चर्चा दिली नाही, हे आधी. पडदा काळा करून एक छायाचित्र, ही चाचणी टेबलावर, दुर्बिणीला हात न लावता, पहिल्या शनिवारी होऊ शकली असती. विवर्तनाच्या भुतामागे घालवलेल्या तीन आठवड्यांत ती कुणालाच सुचली नाही. आणि पोलरायझर बदलता येतात म्हणून जे पॅनल निवडलं, त्याचे पोलरायझर आम्ही बदललेच नाहीत. धातूच्या तारांच्या सूक्ष्म जाळीचे पोलरायझर अवरक्तातही काम करतात. ते लावले असते तर ७०० नॅनोमीटरच्या पुढची गळती आटोक्यात आली असती, हिरव्यातले ४०० कदाचित फारसे बदलले नसते.

गुरूच्या कामात मिथेनचा पुढचा पट्टा ७२५ नॅनोमीटरच्या सुमारास आहे, बरोबर जिथे निऑनच्या दिव्यानं पडदा गळताना दाखवला तिथे. तो भाग आम्ही अजून मोजायला घेतलेला नाही.